भाड्याच्या घरात तेलावरची शेगडी आहे? मग आधी हे वाचा

वेल्समध्ये गावाकडे नोकरी लागली आणि भाड्याने घर घेतलंत तर बऱ्याच ठिकाणी गॅसची लाईन नसते, आणि किचनमध्ये भलीमोठी बिडाची शेगडी दिसते, आगा नाहीतर रेबर्न या नावाची. घाबरू नका. आपला बिडाचा तवा कसा हळू तापतो आणि तापला की धरून ठेवतो, तेच तत्त्व. स्वीडनच्या गुस्ताफ डालेननं १९२२ मध्ये आगा काढली, नोबेल मिळालेला माणूस, आणि तेव्हा त्याची दृष्टी गेलेली होती, मला फार कौतुक वाटतं त्याचं.

आत जळतं ते आपलं रॉकेलच. जुन्या आगाला वीज लागत नाही, टाकीतून तेल उतारानं येतं म्हणून टाकी बर्नरपेक्षा उंच हवी, तळाशी वाती असतात, तेलाची वाफ होते आणि भोकं पाडलेल्या नळकांड्यांतून हवा मिळाली की निळी ज्योत लागते. ज्योत पिवळी दिसली, वास आला, काजळी धरली की समजा साफसफाई राहिलीय. या बर्नरला दर ६ महिन्यांनी सर्व्हिसिंग लागतंच, घरमालकाकडे शेवटचा कागद मागा, लाजू नका. आणि थंडी वाजते म्हणून भिंतीतल्या हवेच्या जाळीत कपडा कोंबू नका, कार्बन मोनॉक्साइडनं जीव जातो, अलार्म लावाच.

स्वयंपाकाचं म्हणाल तर एक प्लेट कडक, भाकरी-फोडणीची, दुसरी मंद, ती आपला वैल समजा. प्लेटवरचं झाकण उघडं ठेवलं की उष्णता जाते, मी पहिल्या आठवड्यात दोन्ही उघडी ठेवून पोळ्या करत बसले आणि शेवटच्या पोळ्या फुगेचनात. म्हणून एक उकळी काढायची आणि वरण, राजमा खालच्या मंद ओव्हनमध्ये सरकवायचं, प्लॅस्टिकच्या दांड्याचं भांडं मात्र नको. दही शेगडीच्या बाजूला झाकून ठेवा, जानेवारीतसुद्धा घट्ट लागतं.

तेल बहुतेक ठिकाणी ५०० लिटरच्या खाली देत नाहीत, पैसे बाजूला ठेवा. टाकी पावपर्यंत आली की फोन करा, आमची डिसेंबरात रिकामी झाली होती, चार दिवस गार किचन.

सर्व्हिसवाला यायच्या आदल्या रात्री शेगडी बंद करा, गरम असेल तर तो काम करू शकत नाही. परत तापायला कित्येक तास जातात तेव्हा त्या दिवसाचा डबा आदल्या दिवशीच करून ठेवा.