मोटर किती फुटावर सोडलीय?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या लातूरच्या अपार्टमेंटमधली बोअरची मोटर जळली, काढणारे आले आणि पहिलंच विचारलं की किती फुटावर सोडलीय? कुणालाच माहीत नाही. माहिती होती वॉचमन काकांना, ते गावाकडं गेलेले. शेवटी पाइप मोजत वर काढले, वीस फुटी 14 निघाले, म्हणजे 280 फूट. त्या दिवशीच इमारतीतल्या वस्तू, दुरुस्त्या अन् भेगांची नोंदवही सुरू केली, तीही कॉम्प्युटरवर.

तुम्हीही ठेवा. त्यासाठी वेगळ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका, गुगल शीट बास झालं, फक्त ती सोसायटीच्या ईमेलवर काढा, सेक्रेटरीच्या नको. प्रत्येक वस्तूला नंबर द्या आणि तो त्या वस्तूवरच रंगवा, नाहीतर "मागची टाकी" म्हणजे कुठली यावर मीटिंगमध्ये अर्धा तास जातो. एका वस्तूला एक ओळ: कधी बसवली, किती एचपी, वॉरंटी, मिस्त्री कोण. दुरुस्त्यांचं पान वेगळं, तिथं जुनं खोडायचं नाही, खाली लिहीत जायचं. मोटर तीनदा एप्रिल-मेमध्येच जळलेली दिसली तर दोष कंपनीचा नाही, पाणी खाली जाऊन ती कोरडी चालायली, हे तेव्हाच कळतं.

आता भेगा. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते, त्यामुळं भिंतीची भेग मेमध्ये मोठी दिसते अन् सप्टेंबरात मिटल्यासारखी. म्हणून मेमधली भेग पुढच्या मेमधल्या भेगेशीच ताडून पाहायची. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं रेघ मारून तारीख टाका, शेजारी पट्टी धरून फोटो काढा. दरवर्षी रेघेच्या पुढं सरकायली तर इंजिनिअर बोलवा, नुसतं पुट्टी मारून झाकू नका. फोटोचं नाव 2025-05-20-जिना-भेग-3 असं, वर्ष आधी म्हणजे ओळीनं लागतात. व्हॉट्सॲपवरून फोटो घेऊ नका, त्यात काढल्याची तारीख उडते.

बांधकामाचं साल आणि आरसीसी ड्रॉइंग (कॉलम-बीमचा नकाशा) पहिल्या पानावर. इमारत 30 सप्टेंबर 1993 च्या आधीची असेल तर तेही ठळक लिहा, किल्लारीच्या भूकंपाचा हादरा तिनं खाल्लाय. 15 वर्षं झाली की दर 5 वर्षांनी, 30 नंतर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, असं सोसायटीच्या उपविधीत (नियमावलीत) आहे, ते रिपोर्ट स्कॅन करून ठेवा.

आणि 280 चा आकडा स्टार्टरच्या पेटीत झाकणाच्या आतूनही लिहिलाय. मार्करनं लिहू नका, पुसतो, ऑइलपेंट वापरा.