एकाच कंपनीत दुसरा, वेगळाच धंदा

छपाईची कंपनी आहे, आता सायकली भाड्याने द्यायच्या आहेत. नवी कंपनी काढू की आहे तीच वापरू? मी लहान कंपन्यांचे हिशेब बघतो, त्यामुळे असे प्रश्न नेहमी येतात. कागदपत्रांचा खर्च किती वाचेल, हे सगळे आधी विचारतात. मी उलट विचारतो: सायकलवरून कोणी पडलं आणि दावा लावला, तर छपाईची यंत्रं पणाला लावायची तयारी आहे का?

कंपनी ही तिच्या मालकाहून वेगळी व्यक्ती असते, हे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, हाउस ऑफ लॉर्ड्सने, 1897 मध्ये सॉलोमन खटल्यात पक्कं केलं. पण ती भिंत मालक आणि कंपनी यांच्यामध्ये आहे. कंपनीच्या पोटात दोन धंदे असले, तर त्यांच्यामध्ये काहीच नाही. दुसऱ्या धंद्याला झकास नाव द्या, वेगळी पाटी लावा; धनकोला दिसते ती एकच कंपनी.

हे मान्य असेल तर आधी कंपनीची उद्दिष्टं वाचा, म्हणजे ती कोणते धंदे करू शकते हे तिच्या स्थापनेच्या कागदात लिहिलंय का ते बघा. अ‍ॅशबरी ही रेल्वेचे डबे बनवणारी इंग्लिश कंपनी. तिने बेल्जियममधल्या रेल्वेमार्गाच्या बांधकामाचा करार केला. तो तिच्या उद्दिष्टांत बसत नव्हता, म्हणून 1875 मध्ये रद्दबातल ठरला, भागधारकांनी नंतर दिलेली मंजुरीही कामी आली नाही. आता ब्रिटनमध्ये 2006 च्या कंपनी कायद्यानुसार नियमावलीत बंधन घातलं नसेल तर उद्दिष्टांना मर्यादा नाही. भारतात मात्र 2013 च्या कायद्याखाली ती लिहावी लागतात आणि बदलायची तर विशेष ठराव हवा, म्हणजे विरोधातल्या मतांच्या किमान तिप्पट मतं बाजूने. तुमच्या देशात काय चालतं ते बघा आणि कायदा सैल असला तरी संचालकांचा ठराव लेखी ठेवाच.

मग कर्जाचा करार आणि विम्याची पॉलिसी काढा. हे दोन कागद कुणी उघडतच नाही! धंद्याचं स्वरूप बदलण्याआधी बँकेची संमती घ्यावी, अशी अट कर्जाच्या करारात पुष्कळदा असते. विमा तर तुम्ही कळवलेल्या धंद्यापुरताच असतो.

नवं नाव वापरायचं तर बहुतेक ठिकाणी त्याची वेगळी नोंद लागते. करारावर आणि बिलावर मात्र कंपनीचं पूर्ण नाव हवंच. नुसत्या दुकानाच्या नावाने सही केलीत, तर सही करणाऱ्यालाच जबाबदार धरलं जाण्याची भीती असते.

माझा खरा आग्रह हिशेबाबद्दल आहे. पहिल्या व्यवहारापासून वेगळं बँक खातं आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीला धंद्याची खूण. सामाईक खर्च कसा वाटायचा, हे वर्ष सुरू होण्याआधीच लिहून ठेवा: भाडं जागेच्या क्षेत्रफळावर, पगार दिलेल्या वेळेवर. वर्षअखेरीला वाटायला बसलं की लाडक्या धंद्याच्या वाट्याला नेहमी कमी खर्च येतो. एका खात्यातून दुसऱ्यात पैसे टाकले तर ते उत्पन्नही नाही आणि कर्जही नाही. कंपनी स्वतःलाच उधार देऊ शकत नाही. कराचं विवरणपत्र एकच असतं आणि एकाचा तोटा बहुधा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होतो. बरेच जण याच लोभाने एकत्र राहतात. काही देशांत त्यावर बंधनं आहेत, तेवढं तपासा. पण त्याच सोयीमुळे बुडता धंदा वर्षानुवर्षं झाकलाही जातो, म्हणून दोन्हींचं नफा-तोटा पत्रक दर महिन्याला वेगळं काढा.

नव्या धंद्यात भागीदार घ्यायचा असेल, इजा होण्याचा धोका असेल किंवा पुढेमागे तो विकायचा असेल, तर उपकंपनी, म्हणजे तुमच्या कंपनीच्या मालकीची वेगळी कंपनी, काढा. एकाच कंपनीतला धंदा विकायचा झाला, तर त्याचे वेगळे शेअर नसतात. यंत्रं, करार, परवाने, माणसं एकेक करून हलवावी लागतात आणि प्रत्येक करारात समोरच्याची संमती लागू शकते. उपकंपनीला कर्ज देताना बँक बहुधा मूळ कंपनीची हमी मागेल. ती दिलीत, तर त्या कर्जापुरती भिंत तुम्हीच पाडलीत.