7,20,720 : एकाच संख्येवर महिनाभर

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या अभ्यासिकेत पोलीस भरती आणि तलाठी परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी अंकगणित शिकवतो. कापूस वेचणीच्या हंगामात दिवसभर वावरात राबून संध्याकाळी अभ्यासाला बसणाऱ्यांकडे वेळ थोडा असतो. त्यामुळे ते ‘ट्रिक’ उतरवून वह्या भरतात आणि परीक्षेपर्यंत त्यातले निम्मे विसरतात. त्यापेक्षा नवख्याने एकच मोठी संख्या घेऊन तिच्यातून जे जे निघेल ते सगळे काढावे, असे माझे मत आहे. त्यासाठी मी 7,20,720 ही संख्या देतो.

येथे 720 हे अंक दोनदा आले आहेत, म्हणून ही संख्या 720 × 1001 आहे. आणि 1001 म्हणजे 7 × 11 × 13. 720 चेही अवयव पाडले की 2⁴ × 3² × 5 × 7 × 11 × 13 अशी मांडणी मिळते. कोणत्याही सहा अंकी संख्येच्या पहिल्या तीन अंकांतून शेवटचे तीन वजा करून 7, 11 आणि 13 ची कसोटी का लावता येते, हेही या 1001 वरूनच उमगते.

हीच संख्या 1 ते 16 या सर्व संख्यांचा लसावि आहे. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला, म्हणजे 5 × 3 × 2 × 2 × 2 × 2, की 240 विभाजक मिळतात, आणि इतके विभाजक असलेली याहून लहान संख्या नाही. आपल्यापेक्षा लहान असलेल्या प्रत्येक संख्येहून अधिक विभाजक असणाऱ्या अशा संख्यांवर रामानुजन यांनी 1915 मध्ये दीर्घ शोधनिबंध प्रसिद्ध केला होता. परीक्षेत तो विचारत नाहीत, पण माहीत असावा. विषम विभाजक हवे असतील तर 2 चा घात सोडून द्यावा, 48 उरतात. पूर्ण वर्ग करण्यासाठी कितीने गुणावे, या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर एकेकटे उरलेले अवयव देतात : 5 × 7 × 11 × 13 = 5005, आणि येणाऱ्या वर्गाचे मूळ 60,060.

खरी कसोटी मात्र शेजारच्या 7,20,721 वर लागते. तिला 2 ते 16 पैकी कशानेही भागले तरी बाकी 1 उरते, आणि एवढ्यावरच बहुतेक विद्यार्थी तिला मूळ संख्या ठरवून मोकळे होतात. प्रत्यक्षात एवढेच सिद्ध झालेले असते की तिचा कोणताही मूळ अवयव 17 पेक्षा लहान नाही. तिचे वर्गमूळ 848 आणि 849 यांच्या दरम्यान आहे, म्हणून 17 पासून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी क्रमाने भागून पाहावे लागते. हे काम कंटाळवाणे असले तरी मी ते कॅल्क्युलेटरविना करायला लावतो. 67 पर्यंत बाकी उरतच राहते. चौदाव्या भागाकारात 71 ने नि:शेष भाग जातो आणि 71 × 10,151 हे अवयव हाती येतात.