स्कोपच्या आधी फूटपट्टी घ्या: रायफलवर लाँग आय रिलीफ स्कोप निवडणं आणि बसवणं

माझी पहिली चूक आधी सांगतो, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. बॅरलवर पुढे लावायला स्कोप हवा होता, खोक्यावर लाँग आय रिलीफ लिहिलेलं दिसलं आणि मी लगेच घेऊन टाकला. घरी येऊन लावला, रायफल खांद्याला घेतली तर आत नुसतं काळं, आणि मधे एवढंसं गोल चित्र, दाराच्या पीपहोलमधून बघतोय असं. मान मागे नेत नेत शेवटी गाल स्टॉकवरून पार सुटला तेव्हा कुठे पूर्ण चित्र आलं. तो स्कोप पिस्तुलाचा होता, हात लांब करून बघायचा. नावात लाँग होतं पण माझ्या कामाचं लाँग नव्हतं.

तर आय रिलीफ म्हणजे काय, मागच्या काचेपासून तुमचा डोळा जेवढ्या अंतरावर असला की पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. साध्या रायफल स्कोपला हे 3 ते 4 इंच असतं म्हणजे 75 ते 100 मिलिमीटर. ज्याला स्काउट स्कोप म्हणतात त्याला साधारण 9 ते 12 इंच, आणि पिस्तूल स्कोपला 12 पासून पार 20-24 इंचापर्यंत. मधल्या गटाला काही कंपन्या इंटरमीडिएट म्हणतात, काही लाँग, काही एक्स्टेंडेड, त्यामुळे नावावर जाऊच नका, आकडा बघा. कागदावर आकडा दिलेला नसेल तर तो स्कोप परत शेल्फवर ठेवा.

आता स्कोप एवढा पुढे लावायचाच कशाला असं कोणी विचारेल, बरोबर आहे विचारणं. कारण असं की काही रायफलींवर साध्या जागी स्कोप लावला की रायफलचं कामच अडतं. जुन्या लष्करी बोल्ट ॲक्शनमधे, म्हणजे हाताने दांडा उचलून मागेपुढे करायच्या रायफलीत, पाच काडतुसांची क्लिप वरून दाबून भरतात, स्कोप तिथे असला की क्लिप जात नाही, मग एक एक काडतूस बोटाने ढकलत बसा. मोसिन नागांतचा बोल्टचा दांडा सरळ, तो वर उचलला की स्कोपवर आपटतो. जुन्या विंचेस्टर 94 मधून काडतुसाची रिकामी केस (कवच) सरळ वर उडते, वर स्कोप असला तर केस त्यालाच धडकणार. जर्मन सैन्याने दुसऱ्या महायुद्धात मागच्या साईटजवळ पुढे लावायचा झेडएफ 41 नावाचा दीड पट मोठं दाखवणारा छोटा स्कोप मौझर 98के वर वापरला होता, म्हणजे कल्पना जुनीच. तिला नीट नियम दिले ते जेफ कूपर या अमेरिकी नेमबाजी शिक्षकाने. 1983 मधे ॲरिझोनात गनसाईट या त्याच्या प्रशिक्षण केंद्रात त्याने यासाठी बैठक घेतली, हलकी रायफल, 1 मीटरच्या आत लांबी, 3 किलोच्या आसपास वजन, आणि कमी पटीचा स्कोप पुढे, बॅरलला चिकटून खाली. फायदा हा की दोन्ही डोळे उघडे ठेवून नेम धरता येतो, आजूबाजूचं दिसत राहतं, ॲक्शन (काडतूस भरायची यंत्रणा) वरून मोकळी राहते, आणि रायफल तोलाच्या जागी हाताने धरता येते कारण तिथे स्कोप मधे येत नाही. शिवाय जोराच्या धक्क्यात स्कोपची कडा भुवईवर बसायचा प्रश्नच संपतो.

पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर, तुमची रायफल साधा स्कोप आरामात घेते आणि तुम्ही 200 मीटरच्या पुढे कागदावर छोटे ग्रुप (गोळ्यांची जवळजवळ पडलेली भोकं) मारायच्या नादात असाल तर हे सगळं करू नका, साधा स्कोप लावा. आणि 100 मीटरच्या आतच काम असेल, मोठं करून बघायची गरज नसेल, तर रेड डॉटचाही (काचेत लाल ठिपका दाखवणारी, मोठं न करणारी साईट) विचार करा, त्याला डोळ्याच्या अंतराचं बंधनच नसतं. लाँग आय रिलीफ या दोघांच्या मधली चीज आहे, ज्याला खरंच लागते त्याच्यासाठी झकास, बाकीच्यांना तडजोड.

ठरवलंच असेल तर आधी मापून घ्या. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमधे बघा आणि बोट घालूनही बघा, काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवा. मग डोळे मिटून रायफल खांद्याला घ्या, गाल जिथे आपोआप टेकतो तिथे टेकू द्या, नंतर डोळे उघडा आणि हलू नका. दुसऱ्या कोणाला तरी टेपने डोळ्यापासून स्कोपची मागची काच जिथे येणार तिथपर्यंत आडवं अंतर मोजायला सांगा. उभं राहून मोजा, बसून मोजा, पालथं पडूनही मोजा, कारण पालथं पडलं की डोकं पुढे सरकतं, इंच दीड इंच सहज. जाड जॅकेट घालून मारत असाल तर ते घालूनच मोजा. माझं उभ्याने साडेदहा इंच आलं आणि पालथं नऊच्या थोडं वर, म्हणजे मला असा स्कोप हवा होता ज्याला या दोन्हीत चित्र पूर्ण दिसेल. ही पाच मिनिटांची मापं मी आधी घेतली असती तर तो पिस्तुलाचा स्कोप विकायला काढावा लागला नसता, तोही निम्म्या किमतीत.

पट, म्हणजे स्कोप किती मोठं करून दाखवतो, ती किती घ्यायची यावर लोक फार घोळ घालतात. गंमत अशी आहे की डोळा काचेपासून जितका लांब तितकी ती काच डोळ्याला लहान दिसते, खिडकीपासून मागे सरकलं की बाहेरचं कमी दिसतं तसंच. हिशोब करून बघा. मागची काच 35 मिलिमीटर धरा, डोळा 90 मिलिमीटरवर असेल तर ती काच साधारण 22 अंशांची दिसते, 250 मिलिमीटरवर गेलात तर फक्त 8 अंशांची. आता हे 8 भागिले पट. अडीच पटीला 3.2 अंश, म्हणजे 100 मीटरवर साधारण साडेपाच मीटर रुंदी दिसते. सात पटीला जेमतेम 1.1 अंश, म्हणजे 2 मीटर. हा ढोबळ हिशोब आहे, खऱ्या स्कोपची काच मोठी असली तर थोडं जास्त दिसेल, पण गणित सगळ्यांना तेच. म्हणून या प्रकारात 2 ते 3 पट हीच खरी जागा आहे, 1.5-4 चा झूमही चालतो, 2-7 घेतला तर सात पट फक्त टेबलवरून कागदावर मारताना वापराल, एरवी तो दोनवरच पडून असेल.

दुसरं गणित एक्झिट प्युपिलचं, पुढच्या काचेचा व्यास भागिले पट. 28 मिलिमीटर आणि अडीच पट म्हणजे 11 मिलिमीटर जाडीचा प्रकाशाचा झोत डोळ्याकडे येतो. बाहुली अंधारात फार तर 7 मिलिमीटर उघडते, म्हणजे डोकं थोडं इकडेतिकडे झालं तरी चित्र जात नाही. तोच स्कोप सात पटीचा असता तर 4 मिलिमीटर, तेव्हा डोकं अगदी नेमकं बसावं लागतं. म्हणून दुकानात नुसती काच किती स्वच्छ दिसते हे बघू नका. स्कोप आपण मोजलेल्या अंतरावर धरा, डोळा वर खाली डावीउजवीकडे हलवा, पुढेमागे करा, काळी कडा कधी येते बघा. झूम असेल तर सर्वात मोठ्या पटीवर परत सगळं करा कारण पट वाढली की बऱ्याच स्कोपमधे ही चालणारी जागा आकसते.

आता बेस, म्हणजे रायफलवर स्क्रूने बसणारा भाग ज्यावर स्कोप धरणाऱ्या रिंगा लागतात. पकडीची सगळी ताकद इथे आहे, पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नका. रायफल कंपनीतूनच पुढे रेल (खाचांची पट्टी) घेऊन आली असेल तर सोपं. नसेल तर मागच्या साईटची पट्टी काढून त्याच जागी बसणारे माउंट मिळतात, मोसिन आणि मौझरला हाच मार्ग लोक धरतात. ते लावताना माउंट हाताने हलवून बघा, जरासुद्धा ढिला लागला तर पुढचं सगळं फुकट. एआर-15 सारख्या सेमी-ऑटोमॅटिक रायफलवर स्कोप हँडगार्डच्या (बॅरलभोवतीच्या, पुढे धरायच्या आवरणाच्या) रेलवर लावताय तर आधी हँडगार्ड दाबून बघा वाकतंय का, वाकत असेल तर स्लिंग (रायफलचा पट्टा) ओढली तरी गोळी दुसरीकडे जाईल. आणि बॅरलमधे नवीन भोकं पाडायची असतील तर ते काम गनस्मिथचं, घरच्या ड्रिल मशीनचं नाही, भोक जरा खोल गेलं की ती बॅरल धोक्याची झाली. स्क्रूची लांबीसुद्धा बघा, लांब स्क्रू आत जाऊन बोल्टला अडकतो नाहीतर बॅरलला टेकतो आणि बाहेरून वाटतं छान घट्ट बसलाय.

रिंगा घेताना ट्यूब 1 इंच म्हणजे 25.4 आहे की 30 मिलिमीटर ते पक्कं करा, एकाच्या रिंगेत दुसरा जात नाही, आणि घालू नका. रेल वीव्हर आहे की पिकाटिनी (रेलचे दोन प्रकार) तेही बघा. वीव्हरची खाच 4.57 मिलिमीटर, पिकाटिनीची 5.23, आणि पिकाटिनीत खाचांमधलं अंतर कायम 10 मिलिमीटर असतं. वीव्हरच्या रिंगा पिकाटिनीवर बहुतेक वेळा बसतात, उलट बसत नाहीत. रिंगा शक्य तितक्या खाली घ्या, पुढची काच बॅरलला किंवा रेलला टेकणार नाही एवढी फट राहिली की बास, उंच केलं की गाल हवेत राहतो. या स्कोपची ट्यूब आखूड असते, दोन रिंगांमधे नेम जुळवायचे नॉब आणि झूमची रिंग येते, त्यामुळे पुढेमागे सरकवायला फार जागा नसते, तेही मोजूनच घ्या.

बसवायला लागलात की बेसची आणि स्क्रूची सगळी तेलं पुसून काढा. बेसच्या स्क्रूला निळं थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) अगदी थेंबभर. रिंगांचा खालचा भाग रेलवर ठेवा आणि घट्ट करायच्या आधी खाचेत पुढे, म्हणजे बॅरलच्या तोंडाकडे ढकलून धरा, कारण धक्क्याने रायफल मागे येते आणि स्कोप जागेवर राहायला बघतो, म्हणजे रायफलच्या हिशोबाने तो पुढे पळतो, तेव्हा तो आधीच खाचेच्या भिंतीला टेकलेला असला की सरकायला जागाच नाही. मग स्कोप ठेवा, वरचे अर्धे भाग हलकेच लावा, स्कोप फिरेल आणि सरकेल एवढेच.

परत डोळे मिटून रायफल खांद्याला, डोळे उघडले की लगेच पूर्ण चित्र यायला हवं, मान हलवायला लागली तर स्कोप सरकवा. तीन चार वेळा करा, स्वतःशी खोटं बोलू नका, आपल्याला घाई असते आणि मान आपोआप जुळवून घेते.

रेटिकल, म्हणजे स्कोपमधल्या नेमाच्या रेघा, सरळ करायला महागडं काही लागत नाही. रायफल रेस्टमधे ठेवून रेलवर छोटा लेव्हल ठेवा, समोर पंधरा वीस मीटरवर गवंड्याचा ओळंबा लटकवा आणि उभी रेघ त्या दोरीवर आणा. मग स्क्रू आलटून पालटून आवळा, एकदा डावा एकदा उजवा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहिली पाहिजे. एक बाजू आधी आवळली की स्कोप गोल फिरतो आणि रेघ वाकडी होते, तेव्हा परत सोडून परत सुरू. रिंगेच्या वरच्या स्क्रूला साधारण 15 ते 18 इंच पाउंड म्हणजे 2 न्यूटन मीटरच्या आसपास, पण कंपनीने आकडा दिला असेल तर तोच धरा. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोरानेच आवळणारा पाना) नसेल तर कोणाचा तरी मागून आणा, ॲलन की वर जोर लावून आवळणाऱ्यांच्या ट्यूबला कायमचे वळ पडलेले मी पाहिलेत.

झीरो करताना, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणताना, आधी बोल्ट काढून बॅरलमधून 25 मीटरवरचं टार्गेट मधोमध धरा आणि रेटिकल तिथे आणा, म्हणजे पहिली गोळी निदान कागदावर लागेल. मग 25 वर तीन गोळ्या मारा, एका गोळीवर नॉब फिरवू नका. पाव एमओएचा (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटर हलवतो, 25 वर 1.8 मिलिमीटर, म्हणजे 25 वर 5 सेंटिमीटर डावीकडे लागलं तर 28 क्लिक उजवीकडे. 25 ला अगदी मधोमध न आणता थोडं खाली ठेवा, कारण स्कोप बॅरलच्या वर असतो आणि गोळी चढत येते, 25 ला मधोमध असलेली बरीच रायफल 100 ला वर मारते. शेवटचा झीरो 100 वरच. मधे मधे बॅरल थंड होऊ द्या, माउंट बॅरलवर असेल तर हे दुप्पट महत्त्वाचं, धातू तापला की झीरो हलू शकतो आणि बॅरलवरून उठणारी गरम हवा थेट काचेसमोर नाचते, टार्गेट पाण्यात असल्यासारखं लपलपतं.

एक त्रास कोणी आधी सांगत नाही तो उन्हाचा. सूर्य पाठीमागे खाली असला की तो तुमच्या खांद्यावरून सरळ मागच्या काचेवर पडतो, साध्या स्कोपला तिथे तुमचं डोकंच सावली देतं, इथे डोकं फूटभर मागे आहे. चित्र एकदम पांढरं होतं. रुंद काठाची टोपी थोडी मदत करते, मागच्या काचेला रबरी नळीसारखा हूड मिळाला तर जास्त. मी जुन्या सायकल ट्यूबचा तुकडा कापून चढवला होता, दिसायला भिकार पण काम झालं.

वीस पंचवीस गोळ्या झाल्या की रेंच परत लावून बघा, आणि प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावरून बेसपर्यंत नेलपॉलिशची एक बारीक रेघ ओढा, रेघ तुटलेली दिसली की कुठला ढिला झालाय ते लगेच कळतं.