प्रायव्हेट हायरचा बॅज काढताय? या चुका टाळा

अकरा वर्षं मी इंग्लंडमध्ये, मिडलंड्समध्ये प्रायव्हेट हायर, म्हणजे आधी बुक करून न्यायची भाड्याची गाडी, चालवतोय. महिन्यातून एकदा तरी कुणाचा फोन येतोच, "दादा, बॅज लवकर कसा मिळेल?" बॅज म्हणजे ही गाडी चालवायचं ड्रायव्हरचं लायसन्स. मिळालेला टिकवायचा कसा, हे मात्र कुणी विचारत नाही. लंडनचा कारभार टीएफएलकडे, म्हणजे तिथल्या वाहतूक संस्थेकडे आहे. मी सांगतोय ते उरलेल्या इंग्लंडचं, जिथे लायसन्स स्थानिक कौन्सिल देतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे रस्त्यावरून प्रवासी उचलणं. हॅकनी, म्हणजे नेहमीची टॅक्सी, स्टँडवर उभी राहू शकते, हात दाखवला की थांबू शकते, तेही आपल्या कौन्सिलच्या हद्दीत. प्रायव्हेट हायरला ऑपरेटरकडे आधी नोंदलेलं बुकिंग लागतंच. हे सगळ्यांना पाठ असतं, आणि शनिवारी रात्री सगळे विसरतात.

माझ्या ओळखीच्या एका मुलाला बॅज मिळून चार महिने झाले होते. पाऊस पडत होता, क्लबपाशी गाडी लावून तो पुढच्या जॉबची वाट बघत होता. दोघांनी काच वाजवली, "स्टेशनपर्यंत सोड, दहा पाउंड देतो." यानं दार उघडलं. स्टेशनवर मागच्या माणसानं खिशातून पाकीट काढलं, त्यात नोटेऐवजी ओळखपत्र होतं. दोघेही कौन्सिलचे एन्फोर्समेंट अधिकारी होते. बुकिंग नाही म्हणजे त्या फेरीपुरता विमाही नाही, आणि विमा नसण्याचे ड्रायव्हिंग लायसन्सवर 6 ते 8 दंडाचे पॉइंट. त्याचं ब्रिटिश ड्रायव्हिंग लायसन्स दोन वर्षांच्या आतलं, त्यामुळे 6 पॉइंटांतच ते रद्द झालं. बॅज तर गेलाच, शिवाय पुन्हा शिकाऊंची 'एल' प्लेट लावून थिअरीपासून सुरुवात. गाडीचे हप्ते चालूच होते. त्या रात्री दीड वाजता त्यानं मला फोन केला. बराच वेळ नुसता रडत होता.

मी रात्री दारं लॉक करूनच बसतो. कुणी आलं तर काच दोन बोटं खाली करतो आणि ॲपवरून बुक करायला सांगतो. "गाडीत बसून बुक करू दे की," असं म्हणणारे जुने ड्रायव्हर भेटतील, त्यांचं ऐकू नका. बुकिंग आधी, दार नंतर.

दुसरी चूक घरातली. गाडीला कौन्सिलची प्लेट लागली की ती चोवीस तास प्रायव्हेट हायरच असते, तुम्ही सुट्टीवर असलात तरी. वहिनींनी ती भाजी आणायला नेली तरी गुन्हा होतो. त्याच कौन्सिलचा बॅज असलेल्यानंच ती चालवायची. चावी मी खिशातच ठेवतो, घरच्यांसाठी जुनी छोटी गाडी घेतली.

डीबीएसची, म्हणजे गुन्हेगारी नोंदींच्या तपासणीची, गोष्ट माझ्या अंगावर आली आहे. सर्टिफिकेट निघाल्यापासून 30 दिवसांत अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवावं लागतं, मग दर सहा महिन्यांनी कौन्सिल परस्पर तपासतं. माझं बँकेचं कार्ड बदललं, वर्षाची फी कापली गेली नाही आणि नोंदणी बंद पडली. नवं डीबीएस येईपर्यंत रिन्यूअल अडकलं आणि तेवढे दिवस गाडी दारात उभी. आता फीची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहितो.

भारतातून आलेल्यांच्या काही खास चुका. इथल्या ड्रायव्हिंग लायसन्सला 12 महिने झाल्याशिवाय बॅज मिळत नाही. तिकडचं लायसन्स धरत नाहीत आणि ते इथे बदलूनही मिळत नाही. भारतातला पोलीस क्लिअरन्स लागतो, तो अर्ज पहिल्या दिवशी टाका. स्टुडंट व्हिसावर स्वतंत्र धंदा करता येत नाही, म्हणून या कामाच्या वाटेला जाऊच नका.

दुसऱ्या कौन्सिलकडे लवकर मिळतं म्हणून तिकडे पळणारे एक विसरतात. ड्रायव्हर, गाडी आणि ऑपरेटर, तिन्ही लायसन्सं एकाच कौन्सिलची असावी लागतात. एकीकडे नकार आला तर तो लपतही नाही. इंग्लंडमधल्या कौन्सिलांना नकार आणि रद्द झालेली लायसन्सं राष्ट्रीय रजिस्टरवर टाकणं एप्रिल 2023 पासून सक्तीचं आहे.

मेडिकल ग्रुप 2 चं, लॉरी-बसवाल्यांना लागतं तेच.

रिन्यूअलला एचएमआरसीचा, म्हणजे इथल्या टॅक्स खात्याचा, टॅक्स चेक कोड लागतो, तो 120 दिवस चालतो. टॅक्ससाठी नोंदणी न करता कोड मिळेल ही आशा सोडा.

गाइड डॉग असलेल्या प्रवाशाला नाही म्हणू नका. नाही म्हणणं गुन्हा आहे, आणि ते माणुसकीलाही धरून नाही.

स्पीडिंगचे पॉइंट लागले तर बहुतेक कौन्सिलांना 48 तासांत कळवावं लागतं, गाडी ठोकली तर 72 तासांत. "त्यांना कुठे कळतंय" हा सल्ला कार पार्कात फुकट मिळतो. ड्रायव्हिंग लायसन्स देणाऱ्या डीव्हीएलएच्या रेकॉर्डवर सगळं दिसतं, आणि तीन पॉइंटांपेक्षा लपवाछपवी जास्त भोवते. मी त्याच दिवशी ईमेल करतो आणि त्याची प्रिंट काढून फायलीत लावतो.

तरीही बॅज रद्द झाल्याचं पत्र आलंच, तर मॅजिस्ट्रेट कोर्टात अपिलाला 21 दिवस मिळतात. पाकिटावर आलेली तारीख लिहा आणि त्याच आठवड्यात लायसन्सिंगची कामं करणारा वकील गाठा.