लिव्हरी रंगवण्याआधी विमानाचा मेश दुरुस्त करा

नागपुरात विमानवेड्या पोरांना तोटा नाही. वर्धा रोडवरून सोनेगावला उतरणारी विमानं दिसतात, मिहानच्या एमआरओत, म्हणजे विमान दुरुस्ती केंद्रात, एअर इंडियाची मोठी विमानं देखभालीला येतात. संगणकावरचा फ्लाइट सिम्युलेटर हाती आला की आपण पाहिलेलं विमान त्याच रंगात, म्हणजे त्याच लिव्हरीत, उडवावंसं वाटतं, आणि बहुतेक जण रंगवायला थेट गिंप किंवा फोटोशॉप उघडतात. माझं कळकळीचं सांगणं आहे, आधी ब्लेंडर हे त्रिमितीय मॉडेलचं सॉफ्टवेअर उघडा आणि विमानाचा मेश, म्हणजे ज्या जाळीने त्याचा आकार बनतो ती, तपासा.

शिकायला फ्लाइटगिअर या मोफत सिम्युलेटरची विमानं घ्या. त्यातली बरीचशी जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहेत, म्हणजे मेश बदलून इतरांना देण्याची मुभा आहे. विकतच्या मॉडेलचा मेश बदलून वाटायची परवानगी सहसा नसते. तिथे रंगकामावरच थांबा.

आता खरी अडचण. एअर इंडियाच्या जुन्या, २०२३ आधीच्या लिव्हरीत विमानाच्या एका बाजूला नाव देवनागरीत असायचं, दुसऱ्या बाजूला इंग्रजीत. बऱ्याच जुन्या मॉडेलमध्ये मात्र मेमरी वाचवायला धडाच्या दोन्ही बाजू टेक्स्चरचा, म्हणजे मॉडेलवर चढवलेल्या चित्राचा, एकच तुकडा वापरतात. मग एका बाजूला अक्षरं उलटी उमटतात, आणि दोन लिप्या तर बसवताच येत नाहीत. कितीही छान रंगवा, हा दोष रंगाने जात नाही. तो यूव्हीमध्ये, म्हणजे चित्राचा कोणता भाग मेशवर कुठे बसतो त्या नकाशात आहे आणि तिथेच दुरुस्त करावा लागतो.

ओळखायचा कसा? ब्लेंडरमध्ये नवीन इमेज करताना 'कलर ग्रिड' निवडा आणि ती धडावर लावा. तिच्या चौकोनांत अक्षरं-आकडे असतात. दोन्ही बाजूंना तेच चौकोन आणि एकीकडे उलटे दिसले, की निदान झालं. उलट्या बाजूचे फेसेस (मेशचे छोटे पृष्ठभाग) निवडा, यूव्ही एडिटरमध्ये एक्स अक्षावर मिरर करा आणि रिकाम्या जागी सरकवा. शिवण, म्हणजे यूव्हीचे दोन तुकडे जुळतात ती रेघ, शक्यतो पोटाखाली ठेवा. छतावर ठेवली तर पट्ट्यांचे सांधे दिसतात.

दोन बाजूंना जागाही दुप्पट लागते, म्हणून टेक्स्चरचा हिशोब आधी करा. बोइंग ७८७-८ ची लांबी सुमारे ५६.७ मीटर. धडाची एक बाजू ४०९६ पिक्सेल रुंदीत पसरली, तर मीटरला साधारण ७२ पिक्सेल मिळतात. धडावरच्या नोंदणीच्या अक्षरांची उंची आंतरराष्ट्रीय नियमाने किमान ३० सेंटीमीटर, म्हणजे जेमतेम २२ पिक्सेल. २०४८ च्या टेक्स्चरवर तीच ११ वर येते आणि भारतीय नोंदणीतल्या 'व्हीटी' पुढची अक्षरं वाचता येत नाहीत. कित्येक सुंदर लिव्हरी इथेच फसलेल्या दिसतात.

बाकीचे दोष लवकर सुटतात. 'फेस ओरिएंटेशन' चालू केल्यावर बाहेरून लाल दिसणारे फेसेस उलटे, म्हणजे आत तोंड केलेले आहेत. ते निवडून शिफ्ट-एन दाबा. दाराच्या कडेला काळपट डाग दिसले तर बहुधा एकाच जागी दोन व्हर्टेक्स (मेशचे बिंदू) असतात, त्यांना 'मर्ज बाय डिस्टन्स' पुरतं. अंतर अगदी लहान ठेवा आणि एका वेळी एकच ऑब्जेक्ट घ्या.

ऑब्जेक्टची नावं मात्र जिवापाड जपा. फ्लाइटगिअरची एक्सएमएल फाइल नावावरूनच एलेरॉन आणि फ्लॅप (पंखांचे हलते भाग), चाकं हलवते. ब्लेंडरने नावामागे गुपचूप '.००१' जोडलं, तर तो भाग हवेत गोठतो.

यूव्ही बदलल्यावर त्या मॉडेलच्या जुन्या लिव्हरी बसत नाहीत. इतरांनी त्यासाठी मेहनत घेतलेली असते, म्हणून मूळ मॉडेलवर आपलं काम चढवू नका, वेगळी आवृत्ती द्या. सोबत यूव्ही लेआउटची प्रतिमा जोडा. गेम स्टुडिओत काम मागायला गेलात तरी रंगवलेल्या चित्राआधी ही दुरुस्ती दाखवा, आधीची आणि नंतरची वायरफ्रेम (मेशच्या रेघांचं चित्र) शेजारी ठेवून.

शेवटी विमान सिम्युलेटरमध्ये व्हीएएनपीवर, म्हणजे आपल्या नागपूर विमानतळावर, उभं करा आणि वेळ संध्याकाळची निवडा. तिरप्या उन्हात शेडिंगचा उरलेला प्रत्येक खड्डा दिसतो. तो गेला की मग रंगाला हात घाला.