दमट हवेत नॅनोफायबर पडदा: समुद्राचं पाणी गोडं करताना या चुका टाळा

नॅनोफायबरचा, म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंचा, पडदा मीठ गाळत नाही. पहिली चूक इथेच होते. त्याची छिद्रं साधारण पाव ते एक मायक्रॉनची, आणि विरघळलेलं मीठ त्यातून सहज पार होतं. मेम्ब्रेन डिस्टिलेशनमध्ये एका बाजूला ६० अंशांचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला २० अंशांचं गोडं पाणी आणि मध्ये पाणी झिडकारणारा पडदा असतो. पलीकडे जाते ती फक्त वाफ. छिद्रं आतून कोरडी राहिली तरच पाणी गोडं मिळतं. रत्नागिरी-मालवणच्या हवेत त्याची काळजी पडदा विणतानाच घ्यावी लागते.

विणायची पद्धत इलेक्ट्रोस्पिनिंगची: पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडायचं, उच्च विद्युतदाबाने त्याचे तंतू ओढले जातात आणि समोरच्या कलेक्टरवर साचतात. सुरुवातीला हे प्रमाण ठेवा: पाणी झिडकारणारा पॉलिमर पीव्हीडीएफ-एचएफपी १.२ ग्रॅम, तो विरघळवायला डायमिथाइलफॉर्मामाइड ५.३ ग्रॅम, अ‍ॅसिटोन ३.५ ग्रॅम. घट्ट झाकणाच्या बाटलीत ५० अंशांच्या आत ढवळा. झाकण सैल राहिलं तर अ‍ॅसिटोन उडून जातं आणि द्रावणाचं प्रमाण बिघडतं. सुईपासून कलेक्टर १५ सेंटिमीटर, विद्युतदाब १५ किलोव्होल्ट, द्रावणाचा वेग ताशी १ मिलिलिटर. तंतूंवर मणी दिसले की बरेच जण आधी व्होल्टेज वाढवतात. मणी बहुतेकदा द्रावण पातळ असल्याने येतात. पॉलिमर एक टक्क्याने वाढवून पाहा.

आता वेळेचा हिशेब. २० बाय २० सेंटिमीटरच्या, १०० मायक्रॉन जाडीच्या आणि ८० टक्के पोकळ पडद्याला सुमारे १.४ ग्रॅम पॉलिमर लागतं. एका सुईने त्याला जवळपास १२ तास जातात. एवढ्या वेळात दुपारचे खारे वारे थांबून रात्रीचे मतलई वारे सुरू होतात आणि खोलीतली आर्द्रता बदलते. मग एकाच पडद्यात खालचे थर एका जातीचे, वरचे दुसऱ्या. पावसाळ्यात आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर गेली की बाष्पामुळे पॉलिमर लवकर घट्ट होतो, सुईच्या टोकाशी पांढरा गोळा धरतो, धार तुटते आणि पडद्यावर थेंब पडतात. आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत धरा आणि दर तासाला नोंदवा.

त्यासाठी पडदा विणायची पेटी हवाबंद करू नका. अ‍ॅसिटोनची वाफ आणि उच्च विद्युतदाबाची ठिणगी एकत्र आली तर स्फोट होऊ शकतो. एक्झॉस्ट चालूच हवा. पण तो खोलीतलीच दमट हवा पेटीत ओढतो, म्हणून डीह्युमिडिफायर खोलीला लावा, पेटीला नाही. किनाऱ्यावर आणखी एक त्रास: मिठाचा पातळ थर ओलसर होऊन विजेला वाट देतो. जोडणीपाशी सुर्र आवाज आला तर वीजपुरवठा बंद करा, टोकं अर्थ करा, मगच पेटीचं अ‍ॅक्रिलिक आणि इन्सुलेटर पुसा. डायमिथाइलफॉर्मामाइड त्वचेतून शरीरात जातं आणि नायट्रिलचे हातमोजे त्यापुढे टिकत नाहीत. ब्यूटाइल रबरचे वापरा.

पडदा झाला की लोक त्यावर पाण्याचा थेंब ठेवतात, तो गोल राहिला की खूश होतात. थेंब पृष्ठभागाबद्दल सांगतो, सर्वांत मोठ्या छिद्राबद्दल नाही. पाणी आत शिरतं ते तिथूनच. स्पर्शकोन, म्हणजे थेंबाची कड पडद्याशी करते तो कोन, १३० अंश धरला तर १ मायक्रॉनच्या छिद्रात पाणी शिरायला गणिताने सुमारे १.८ बार लागतात, २ मायक्रॉनला त्याच्या निम्मे. प्रत्यक्षात त्याहून कमी. म्हणून पाण्याचा दाब हळूहळू वाढवून पलीकडे पहिला थेंब कधी येतो, ते तपासा.

चाचणीचं पाणी कुठून आणता, यावरही बरंच ठरतं. आगोटीनंतर, म्हणजे पाऊस सुरू झाल्यावर, खाडीच्या तोंडाशी नदीचं पाणी मिसळतं. पाण्यात मीठ जितकं जास्त तितकी त्याची विद्युतवाहकता जास्त. समुद्राची ती सेंटिमीटरला सुमारे ५० मिलिसीमेन्स, खाडीत ती खूपच कमी भरू शकते, आणि पडदा उगाच चांगला वाटतो. प्रत्येक वेळी मोजा. जेटीजवळचं पाणी तर नकोच. डिझेलचा तवंग आणि मचवे धुतल्याचा साबण छिद्रं भिजवतो.

गोड्या बाजूची वाहकता सतत चढू लागली, म्हणजे मीठ पलीकडे जाऊ लागलं, की चाचणी थांबवा. पडदा तसाच वाळवलात तर मीठ छिद्रांतच बसतं आणि तो पुढच्या वेळी लवकर भिजतो. आधी डिस्टिल्ड पाण्याने, धुवणाची वाहकता खाली येईपर्यंत धुवा. चुन्याचा पांढरा थर असेल तर सौम्य सायट्रिक आम्लाने काढा, पुन्हा धुवा, आणि मग ६० अंशांवर वाळवा. साबण मात्र कधीच लावू नका.